चावडीच्या पायरीवरचा पिराजी

आषाढात आमच्या गडमुडशिंगीत पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. अशा पावसात शहाण्या माणसानं सोप्यात बसावं आणि चहा प्यावा. मी तेच करत होतो. समोर चावडीच्या उघड्या पायरीवर पिराजी उभा. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, विजार गुडघ्यापर्यंत वर, चवडे पायरीच्या कडेवर आणि टाचा हवेत. हळूहळू वर व्हायचा, हळूहळू टाचा खाली सोडायचा, आणि दर खेपेला खाली येताना एक शिवी हासडायचा. एक पावसाला, एक पायाला, एक सख्ख्या भावाला आणि एक माझ्या नातीला.

"अप्पा, तुमच्या नातीला सांगा, ह्यो व्यायाम न्हवं, ही शिक्षा हाय!"

"मग सोड की."

"सोडतोय व्हय! सोडला तर त्यो सया हसंल."

औषधानं माणूस बरा होतो असं मी शाळेत शिकलो होतो. रागानंही होतो, हे मला पिराजीनं शिकवलं.

हा पिराजी पन्नाशी ओलांडलेला दूधवाला. सकाळी कोल्हापुरात रतीब घालायचा आणि दुपारपर्यंत कुणाशी तरी भांडून परत यायचा. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत हा बँडवाल्यांवर चिडला. काय, तर म्हणे चाल फार संथ वाजवतात. घोड्यावरनं उतरला आणि चालत सुटला. वरात मागं, नवरदेव पुढं. मांडवात एकटाच येऊन उभा राहिलेला नवरा त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितला. एकदा एसटीच्या कंडक्टरनं "जरा सरका" म्हटलं म्हणून मधेच उतरला आणि एसटीच्या आधी गावात पोचला. एसटी पंक्चर होऊन वाटेत उभी होती हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. ते मी सांगतो.

एवढं चालणारा आणि पळणारा माणूस पायरीवर असा वरखाली होत का उभा होता, ते नीट सांगायला पाहिजे.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, अंगावर नक्षी काढायची, गळ्यात घुंगरांची माळ. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हस मागं. दावं नाही, काठी नाही. एवढं थोरलं जनावर भर गर्दीतनं नुसत्या ओळखीवर मालकाच्या मागं धावतं. सगळे गाडी घेतात. पिराजी मात्र पायानं पळायचा. "म्हस माझ्या मागं पळती, पेट्रोलच्या न्हवं," म्हणायचा.

त्याची आई बयाबाई होती तोवर सगळं ठीक होतं. दोघा भावांची वाटणी झाली, घर मधनं भिंत घालून दोन झालं. भिंगरी नावाची म्हस तेवढी आईच्या वाट्याला राहिली. गेल्या थंडीत बयाबाई गेली. तेराव्याचं जेवण उरकायच्या आत भिंगरीवरनं दोघं एकमेकांच्या अंगावर धावले. आम्ही चार म्हातारे चावडीत बसलो. म्हस काय मधनं कापायची? शेवटी ठरवलं, पाडव्यापर्यंत पंधरवड्याच्या पाळीनं दोघांनी सांभाळायची. पाडव्याला चावडीच्या चौकात सोडायची. ज्याच्या मागं ती पळेल, म्हस त्याची.

पिराजी मोठ्यांदा हसला. सयाजी चपला घालून चालता झाला. हा धाकटा, एमआयडीसीत कामाला. पिराजी तोंडानं भांडायचा आणि सयाजी तोंड मिटून. मला विचाराल तर दुसरा प्रकार जास्त जहरी.

आणि ज्येष्ठात पहिल्या चिखलात भिंगरीपुढं पळताना पिराजीचा पाय सटकला. टाचेच्या वरची शीर धरली. तालमीत वाढलेला माणूस, दुखलं की रगडायचं एवढंच ठाऊक. गेला तालमीत. दोन पैलवानांनी तेल लावून शीर मोकळी करतो म्हणून अशी काही रगडली, की जाताना लंगडत गेलेला पिराजी परत येताना त्यातल्याच एका पैलवानाच्या खांद्यावर आला.

माझी नात अंतरा कोल्हापुरात फिजिओथेरपीचं शिकून तिथंच काम करते. रविवारी आली होती. तिनं पाय बघितला आणि तिचा चेहरा लाल झाला.

"काका, हे रगडलं कुणी?"

"पैलवानांनी."

"त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी कुऱ्हाड घ्या. शीर तुटायची राहिलीय. आता पळायचं नाही."

"कवापतूर?"

"संक्रांतीपर्यंत."

"पाडवा त्याच्या आदी येतोय."

"मग पाडव्याला बसून बघा."

"बसून बघायला मी काय अप्पा हाय?"

मला राग यायला पाहिजे होता. मी हसून हसून खोकलो.

अंतरानं त्याला पायरीचा व्यायाम दाखवला आणि सांगितलं, की दुखणं कमी झालं की चढावर हळू चालायचं. चालायचं म्हणजे चालायचंच. पळालात तर माझ्या दारात येऊ नका.

आता पायरी आणायची कुठनं? वाटणीत पुढचं दार आणि दगडी पायऱ्या सयाजीकडं गेल्या होत्या. पिराजीचं दार मागच्या बाजूला, जमिनीला टेकलेलं. पहिल्या दिवशी पहाटे हा बिनदिक्कत सयाजीच्या पायरीवर जाऊन वरखाली व्हायला लागला. आतनं सयाजीची बायको सडा घालायला आली. तिनं काही विचारलं नाही. शेणाच्या पाण्याची अख्खी बादली त्याच्या पायांवर ओतली, वर म्हणाली, "अगंबाई, भावजी हुतं व्हय! मला वाटलं कुत्रं."

तेव्हापासून चावडीची पायरी. तिच्यावर छप्पर नाही आणि पाऊस तर कुणाच्या वाटणीत नाही.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. भिंगरीशी बोलत, दुसऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं. पाळी बदलायच्या दिवशी सयाजी दावं चावडीच्या खांबाला बांधायचा आणि म्हशीला सांगायचा, "जा गं. लंगड्याच्या घरी जा. पेंड नीट घाल म्हणावं." पिराजी दावं सोडताना म्हशीला विचारायचा, "काय गं भिंगरे, वाळलीस की! मुक्याच्या घरात कोण विचारतंय तुला?"

सयाजीनं आपल्या मोटरसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून टाकली होती. पुंगळी काढलेली गाडी चालू केली की अर्ध्या गावाच्या छातीत धडधड व्हायची. त्या आवाजावर त्यानं भिंगरीला तयार केलं. हाक मारायची गरजच नाही. गाडी बोंबलायची, म्हस मागं पळायची. आणि त्याची पाळी असली की रोज सकाळी, पिराजी पायरीवर असतानाच, तो चौकातनं गाडी काढायचा. चौकात पाणी तुंबलेलं असायचं. ते सगळं पाणी पिराजीच्या अंगावर, पाठोपाठ भिंगरीच्या खुरांचा चिखल. सयाजी वळून बघायचा नाही. ते न बघणं पिराजीला चिखलापेक्षा जास्त लागायचं.

गावही काही कमी नव्हतं. डेअरीला दूध घालून येणारे किटली खाली ठेवून उभे राहायचे.

"पिराजी, अंडी देतोयस काय रं?"

"तुज्या बापाला इचार, त्यो खुडूक बसलाय!"

पाळी त्याच्याकडं आली की पिराजी भिंगरीला घेऊन माळाच्या चढावर जायचा. पाऊस आडवा मारायचा, वाटेवरनं ओढ्यासारखं पाणी यायचं. मी मुद्दाम छत्री घेऊन मागनं जायचो, कारण घरात टीव्हीवर यापेक्षा चांगलं काही लागत नव्हतं. पाच पावलं झाली की भिंगरी त्याच्या पुढं. तिला संथ चालायची सवयच नव्हती. पिराजी चिडायचा, तिच्याकडं पाठ करून तिथंच चिखलात बसायचा, आणि शिव्यांचा पट्टा लावायचा. "जा, जा की सटवे, जा पुढं! आता थांबतीस कशाला? मुडदा बशिवला तुजा!" पावसाच्या पडद्यात दोन हातांवरचं दिसत नव्हतं. दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. थोड्या वेळानं भिंगरी मुकाट परत यायची आणि त्याच्या पाठीमागं उभी राहायची. मग तो उठायचा, पुन्हा हळूहळू टाच टेकत चालायला लागायचा, आणि तोंड चालूच. तोंड थांबलेलं मी कधी ऐकलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी मात्र त्याचा तोल गेला. सयाजीची गाडी चौकातनं गेली, मागं भिंगरी. त्या दिवशी ती पिराजीकडं ढुंकूनही न बघता गेली. पिराजीनं पायरीवरनं उडी टाकली आणि पळत सुटला. वळणापर्यंतसुद्धा गेला नसेल. टाच धरून मटकन पाण्यात बसला.

मी छत्री टाकून गेलो. म्हटलं, "तुटली का रं?"

"न्हाय. पर सांगतीय, की तुटीन."

खोळ कुठं तरी पडली होती, पाऊस त्याच्या टकलावर ताशा वाजवत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं बोलायला सुरुवात शिवीशिवाय केली.

"अप्पा, म्या पाडव्याला पळू शकत न्हाय."

"न्हाय पळालास तर न्हाय. तुझ्या दावणीला दुसरी हायती की म्हशी."

"ही आईची हाय. आई तिला शिव्या देत धार काढायची. तेवढंच ऐकत वाढली ती. सयाच्या घरात कोण तिच्यासंगं बोलतच न्हाई. आई गेल्यापासनं निम्मं दूध आटलंय. तिकडं गेली तर दोन वर्सांत बाजार दाखवील त्यो." आणि मग मान वर करून आभाळाला म्हणाला, "थांब की भाड्या, जरा तरी थांब!"

आभाळ थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पायरीवर होता. पण पळायचा विषय त्यानंतर त्यानं काढला नाही. भादव्यात चढ चालला, नवरात्रात चढ चालला.

पाडव्याला परतीच्या पावसानं गाठलं. सकाळपासून रिपरिप, दुपारी धो धो. शिंगांचे रंग म्हशींच्या तोंडावर ओघळले. तरी चौक माणसांनी भरला. सयाजीनं भिंगरीसाठी नवी घुंगरांची माळ आणली होती, भारीतली. चौकाच्या मधोमध तिला उभी केली आणि गाडीला किक मारली. धडधड सुरू झाली, भिंगरीनं कान टवकारले आणि निघाली. लोक शिट्ट्या मारायला लागले. पिराजी पायरीवर उभा राहून बघत होता, तोंड मिटून.

इतक्यात खालच्या गल्लीतला गुंडू आपली म्हस घेऊन चौकात घुसला. त्याच्याही गाडीची पुंगळी काढलेली. आमच्या गावात पाडव्याला कुणाच्या गाडीला पुंगळी असते? गुंडूची गाडी जुनी, आवाज दुप्पट. सयाजी सरळ गेला, गुंडू डावीकडं वळला, आणि भिंगरी गुंडूच्या मागं!

एकच हशा उसळला. गुंडूच्या मागं दोन दोन म्हशी. तो ओरडतोय, "ही कुणाची हो, ही कुणाची?" सयाजी गाडी फिरवून आला, पिळून पिळून आवाज काढला. पण आवाजात आवाज मिसळला, म्हशीनं कुठला ओळखायचा? मी ओरडलो, "आरं, हाक मार की!" सयाजीनं तोंड उघडलं. पण हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तिला कधी हाक मारलीच नव्हती. तोंड तसंच उघडं राहिलं, पावसाचं पाणी आत गेलं असणार.

गुंडूनं घाबरून गाडी बंद केली. भिंगरी चौकाच्या टोकाला थांबली. पाठीवरनं वाफ निघत होती.

पिराजी पायरीवरनं उतरला. आता हा पळणार असं सगळ्यांना वाटलं. दिवाळीला आलेली अंतरा माझ्या शेजारनं किंचाळली, "काका, पळायचं नाही हं!"

पिराजीनं भिंगरीकडं पाठ केली आणि माळाच्या वाटेनं चालायला लागला. टाच टेकवत, सावकाश, जणू रतीब घालून घरी निघालाय. आणि तोंड सुटलं.

"जा की भवाने! गुंडूच्या घरी जा! त्याच्या भाकरी भाज! लाज हाय का तुला? आईनं ह्याच्यासाठी पोसली व्हय तुला, सटवे? मुडदा बशिवला तुजा..."

बायकांनी कानांवर हात ठेवले. भिंगरीनं मान वळवली. मग जी सुटली! पाणी उडवत, माणसं पांगवत, घुंगरं खळाखळा वाजवत धावत आली, आणि पिराजीच्या पाठीशी पोचल्यावर एकदम संथ झाली. त्याच्या पाठीला नाक लावून चालायला लागली. तो वळलासुद्धा नाही. शिव्या तेवढ्या वाढल्या.

सयाजी आम्हा म्हाताऱ्यांपुढं आला. "पळवायचं ठरलं हुतं. त्यो चालला."

मी म्हटलं, "पळायचं म्हशीनं ठरलं हुतं, बाबा. ती पळाली."

त्याचा जबडा हलला. मला वाटलं, आता मारतो. पण तो तसाच वळला, तरातरा जाऊन भिंगरीला आडवा झाला.

"घुंगरं माझी हायत," तो म्हशीला म्हणाला.

"त्याला म्हणावं घे," पिराजीही म्हशीलाच म्हणाला.

सयाजीनं माळेच्या गाठीला हात घातला. दोरी पावसानं फुगलेली, गाठ दगडासारखी बसलेली. भिंगरी मान झटकायची आणि गाठ हातातनं निसटायची. दोनदा, तीनदा. सगळा गाव बघतोय. शेवटी पिराजीनं तिची शिंगं दोन्ही हातांनी धरली आणि मान घट्ट दाबून ठेवली. सयाजी दातओठ खात गाठीशी झटत राहिला. दोघांची डोकी एकमेकांना टेकायच्या बेताला आली, वरनं पाऊस कोसळत होता.

"नखं न्हाईत व्हय रं तुला?" पिराजी खेकसला. या खेपेला म्हशीला नव्हे.

"तू गप धर की नीट," सयाजी म्हणाला.