दोनदा मागितलेली न्योरा

याकोमिना हातुसामाच्या पाद्र्याची बायको, म्हणजे गावाची न्योरा. न्योरानं काळा झगा घालायचा, देवळात पुढच्या बाकावर बसायचं आणि कुणी काही विचारलं की हसून बोलायचं. याकोमिना हे सगळं नीट करायची. फक्त एका प्रश्नाला तिचं हसू ओठातच राहायचं.

"न्योरा, तुमचं माहेर कुठलं हो?"

"आंबोन शहर," असं म्हणून ती घाईघाईनं पापेदा घोटायला वळायची. त्या घाईत साबूच्या पिठाच्या गुठळ्या राहायच्या आणि सासू डोल्फिना जेवताना त्या एकेक करून पानाच्या कडेला मांडायची. "शहरात काय दगड खातात वाटतं," म्हणायची.

खरं तर शहर तिचं माहेर नव्हतंच. तिथल्या एका कारकुनाच्या घरी ती वाढली, त्यांचंच आडनाव लावलं. वाढवणाऱ्या आईनं मरायच्या वेळी तिला जवळ बोलावलं. "तुझा बाप वाएलुरूचा कोळी. तुझी आई बाळंतपणात गेली, म्हणून त्यानं तुला माझ्या ओटीत घातलं." तोवर याकोमिनाच्या पदरी दोन पोरं होती, आणि नवरा सेफनात होता हातुसामाचा.

हातुसामा आणि वाएलुरू म्हणजे एकमेकांचे पेला, तिथल्या बोलीत रक्ताच्या शपथेनं बांधलेली गावं. दोन्ही गावांच्या पूर्वजांनी बोटं कापून रक्त दारूत मिसळलं आणि एकाच वाटीतून प्यायले, तेव्हापासून दोन्ही गावं सख्खी भावंडं. पेलाच्या माणसानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. पेलाच्या परसातलं फळ न विचारता तोडावं. आणि पेलात लग्न म्हणजे भावाबहिणीचं लग्न. असं जोडपं सापडलं की त्यांना झावळ्यांत गुंडाळून गावभर फिरवत, घर मोडत. त्यांची पोरं जगत नाहीत, असं म्हातारी माणसं म्हणत.

सेफनात व्यासपीठावरून असल्या शापांना थोतांड म्हणायचा. पण कुणाच्या बागेत, फळ चोरणाऱ्याला शाप लागावा म्हणून, राखणीची झावळी टांगलेली दिसली की हाच पाद्री लांबचा वळसा घ्यायचा. याकोमिनानं त्याला काही सांगितलं नाही ते एवढ्यासाठीच.

त्या वर्षी दोन्ही गावांनी शपथ पुन्हा ऊन करायची, म्हणजे नव्यानं घ्यायची ठरवली. वाएलुरूच्या होड्या लागल्या आणि पाहुण्यांपैकी एक म्हातारी पाद्र्याच्या घरी उतरली. तिचं नाव बात्सेबा. तोंडात सुपारी, डोळे घारीचे. ती जेवता जेवता याकोमिनाकडे बघतच राहिली.

"माहेर कुठलं गं?"

"आंबोन शहर."

"आणि त्याच्या आधी?"

याकोमिनाच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. डोल्फिनानं मान वर केली.  "माझ्या भावाचं नाक असंच होतं," एवढंच पुटपुटून बात्सेबानं गुठळ्यांसकट पापेदा संपवली.

दुपारी देवळापुढच्या अंगणात सगळे जमले. एका अंगाला हातुसामा, दुसऱ्या अंगाला वाएलुरू, आणि बायकांनी दोन्ही गावांभोवती लांबच लांब पांढरं कापड धरलेलं. हातुसामाच्या राजानं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, जुनी शपथ म्हटली: खोट्या बाजूनं पिणाऱ्याची पोरंबाळं मातीत जावोत. मग वाटी फिरू लागली. सासू प्यायली. वाटी याकोमिनाच्या हातात आली. समोर तिचा धाकटा बापाच्या खांद्यावर बसून पाय हलवत होता.

प्यावं तर शाप पोरांवर. न प्यावं तर घर गेलं.

"मला ह्या बाजूनं पिता येत नाही," ती म्हणाली. "माझा बाप वाएलुरूचा."

कापड धरलेले हात खाली आले.  मागून कुणीतरी ओरडलं, "झावळ्या आणा रे!"

"आण, आण, आणि तुझ्याच घरावर घाल, गळतंय ते!" बात्सेबा पुढं आली. सुपारी थुंकली. "राजा, मी पेला. मी मागितलं तर?"

"नाही म्हणता येत नाही," राजा म्हणाला.

"मग ही बाई दे. माझ्या भावाची आहे."

राजानं सेफनातकडे पाहिलं. सेफनातनं पोराचे पाय घट्ट धरले. "दिली," राजा खालच्या आवाजात म्हणाला. बात्सेबानं याकोमिनाचं मनगट धरलं आणि ओढत पलीकडे नेलं. धाकट्यानं भोकाड पसरलं.

म्हातारी मात्र तिथंच उभी राहिली. तिनं डोल्फिनाकडे रोखून पाहिलं.

"काय गं डोल्फिना, तुम्हां लोकांना काही मागायचं नाही आमच्याकडे? की सुटलात एकदाचे?"

 डोल्फिनाला तिचा डाव कळला. ती वाट काढत पुढं आली.

"मागायचंय तर! ही बाई दे. गुठळ्यांची का होईना, पापेदा कुणीतरी करायला हवी ना माझ्या घरात."

"नाही म्हणायची मला सोय नाही." बात्सेबा याकोमिनाकडे वळली. तिचा आवाज आता उतरला होता. "पण नीट ऐक पोरी. मागून दिलेली वस्तू परत आपली नसते. दिल्यावर वाएलुरूत तुला बाप नाही, घर नाही, आत्यासुद्धा नाही. देऊ?"

बापाची बहीण तिला आज सापडली होती आणि तिचा हात अजून मनगटावर होता. याकोमिनानं रडणाऱ्या पोराकडे पाहिलं.

"द्या," ती म्हणाली.

हात सुटला. ती परत सासूशेजारी येऊन उभी राहिली आणि वाटीतून प्यायली. काही म्हातारे कुरकुरले, अजूनही कुरकुरतात. पण मागणं कोणी मोडायचं?

सकाळी होड्या निघायच्या होत्या. याकोमिना घराच्या पायरीवर उभी होती. "आत्या" हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिनं तो गिळला. बात्सेबानंही तिच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ परसात गेली, काठीनं एक नीरफणस पाडला आणि बगलेत मारला.

"बाई, तो कच्चा आहे," याकोमिना म्हणाली.

"तुला विचारलंय का मी?" म्हातारी म्हणाली आणि होडीकडे चालू लागली.