पाना अकोल्यात राहिला

वकीलसाहेब घरी आहेत की नाहीत, हे आमच्या अमरावतीच्या आळीत कुणी विचारत नसे. फाटकावरून वाकून पोर्चमधली शहाबादी फरशी बघायची. गाडी नाही आणि तेलाचा डाग ओला, म्हणजे आत्ताच कोर्टात गेले. डागावर धूळ बसली, म्हणजे केव्हाच गेले. अशिलं डाग बघून परत जात.

वकीलसाहेब म्हणजे माझे वडील, अण्णा. गाडी लढाईच्या आधीची, एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली. तिच्या इंजिनाखाली तेलाचं पत्र्याचं भांडं असतं, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. ते चेंबर गळायचं. धो धो नाही, थेंब थेंब, पण अखंड. आईनं आधी गोणपाट अंथरलं, मग जुनी लुगडी, आणि शेवटी एक दिवस अण्णांनी न विचारता तिची पितळी परात गाडीखाली सरकवली.

"ही पुरणाची परात आहे," आई म्हणाली. "माहेरून आणलीय ती तुमच्या गाडीची ओकारी धरायला नाही."

"तात्पुरती व्यवस्था आहे," अण्णा म्हणाले. ती व्यवस्था दोन वर्षं टिकली.

मला त्या गाडीची गरज होती आणि ती मी लपवत नव्हते. वय एकवीस, कॉलेज नुकतंच संपलेलं, आणि पत्रकं लिहायची खोड लागलेली. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात मुलींची शाळा सातवीला संपत होती. पुढे काय? पुढे चूल. मी तसंच छापलं होतं, ठळक टाइपात. आठवीचा वर्ग मागायला त्या गावात सभा ठरली होती. तिथवर एस. टी. जात नव्हती आणि लाउडस्पीकरचा कर्णा, बॅटरी आणि पत्रकांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन मी जाणार नव्हते.

आणि नेमक्या त्याच दिवाळीत अण्णा फराळाला एका जुन्या न्यायाधीशांकडे गेले. नवा बंगला, नवी पांढरी फरशी. निघताना बघतात तर गाडीखाली बशीएवढा काळा डाग. न्यायाधीशांनी स्वतः लाकडाचा भुसा आणून त्यावर टाकला आणि एक शब्दही बोलले नाहीत.

"बोलले असते तर बचाव केला असता," अण्णा घरी येऊन म्हणाले. "आता ऐक. तुझी सभा रविवारी. तेवढी करून घे. त्या दिवशी एक थेंब जरी गळला तरी सोमवारी गाडी भंगारात. अपील नाही."

म्हणजे माझी चळवळ एका थेंबावर आली. मी चिडले. मी चिडले की काहीतरी आवळायला घेते.

हे आवळणं आमच्या घरचा रिवाजच झाला होता. अण्णा रोज कोर्टाला निघण्यापूर्वी काळा कोट खुंटीला टांगून गाडीखाली जायचे आणि चेंबरच्या बोल्टांना एकेक पीळ देऊन यायचे. शेजारचे मास्तर चहाला आले की आधी एक पीळ, मग चहा. पाहुणे, अशिलं, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले लोक, ज्याला बाही वर करता येत होती तो तो गाडीखाली जाऊन आपला वाटा घालून येई. बायकांना मात्र कुणी पाना देत नसे. विहिरीतून दोन घागरी काढणारे हात बोल्ट फिरवायला चालत नाहीत, हे कोणत्या ग्रंथात लिहिलंय, असं मी भांडून विचारलं आणि पाना मिळवला. मग सगळ्यांत जास्त पीळ मीच दिले. पत्रकात 'एकजूट घट्ट करा' असं लिहिणारी मी, बोल्ट सैल कसा सोडणार? चेंबर आणि इंजिनाच्या मधे जे पॅकिंग असतं, ते अमरावतीच्या मिस्त्रीनं दोनदा नवं टाकलं, ते दोन्ही वेळा आम्ही त्याच्या डोक्यावर उभं राहून कचकचून आवळून घेतलं. चेंबर आधी गळत होतं त्याहून जास्त गळायला लागलं.

शनिवारी सकाळी आम्ही अकोल्याला निघालो. तेल्हाऱ्याच्या वाटेवरच अकोला, आणि तिथं एका जिनिंग फॅक्टरीच्या इंजिनांवर आयुष्य काढलेला एक म्हातारा मिस्त्री आहे, असं कुणी तरी सांगितलं होतं. गाडीत अण्णा, मी, कर्णा, बॅटरी, पत्रकं, घोषणांचे पुठ्ठे आणि परात. आईनं परात परत आणायची शपथ घातली होती.

मिस्त्री कडुनिंबाखाली बसला होता. चष्म्याची एक काडी नव्हती, तिथं सुतळी. अण्णा त्याला गाडीचा पूर्वेतिहास सांगू लागले, तारीखवार. त्यानं ते ऐकलं नाही. गाडीखालीही वाकला नाही. माझ्या हाताकडे बघितलं आणि आमचाच पाना माझ्यापुढे धरला.

"बाई, तुमी कसता का याले?"

"रोज," मी म्हटलं.

"मंग कसून दाखवा. घरी कसता तसंच."

मला आनंदानं भरून आलं. पहिल्यांदा कुणी न भांडता पाना दिला होता. पदर खोचला, गोणपाटावर आडवी झाले, पान्याचं शेपूट दोन्ही मुठींत धरलं, पाय चाकाला टेकवला आणि दात खाऊन पीळ दिला. बोल्ट कुईं करून ओरडला.

"बस," मिस्त्री वरून म्हणाला. "निंघा बाहेर. रोग सापडला."

"कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

"हे काय, लुगड्याची धूय झाडून राह्यला."

अण्णा इतके हसले की त्यांना मडगार्डचा आधार घ्यावा लागला. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीही रोज पिळता." मिस्त्री म्हणाला, "मंग दोन रोग."

त्यानं तेल आईच्या परातीत सोडलं, चेंबर उतरवलं, पुसलं आणि एका सपाट लोखंडी पाटावर पालथं ठेवलं. मग आम्हाला उकिडवं बसवून काठाकडे बोट दाखवत म्हणाला, "पाय."

मी पाहिलं. चेंबरचा काठ पाटाला सगळीकडे टेकायला हवा होता. टेकत होता तो फक्त बोल्टांच्या भोकांपाशी. दोन भोकांच्या मधे काठ वर उचलला होता आणि त्या फटींतून पलीकडचं ऊन दिसत होतं. एकेका भोकापाशी वाटीसारखा खड्डा. ते सगळे आमचे पीळ होते. मास्तरांचे, पाहुण्यांचे, अण्णांचे आणि बहुतेक माझे.

"हा पत्रा हाय," मिस्त्री म्हणाला. "तुमी त्याले पैलवान समजून राह्यले. जितकं कसलं तितका वाकला, जितका वाकला तितकं गयलं, गयलं की तुमी पुन्हा कसलं."

"पण मिस्त्री," अण्णा म्हणाले, आणि हात आपोआप कोटाच्या कॉलरकडे गेला, "सैल सोडलं तर गळणारच. हे तर स्वयंसिद्ध आहे."

"वकीलसाहेब, मी सैल मनलं का? साऱ्याईले सारखं मनलं."

रुळाच्या एका तुकड्यावर काठ धरून त्यानं हलक्या हातोडीनं एकेक खड्डा बसवला. चार ठोके, पाटावर ठेवून उन्हाला बघायचं, पुन्हा चार ठोके. फटींतलं ऊन एकेक करून विझत गेलं. दुपार झाली. मी मोजत होते, आणि शेवटची फट बुजली तेव्हा टाळी वाजवली.

आता पॅकिंग. बुचाचं तयार पॅकिंग त्याच्याकडे नव्हतं, त्याला जाड पुठ्ठा हवा होता. त्याची नजर गाडीत गेली. माझे पुठ्ठे! बैलगाड्यांना बांधायला मी स्वतः रंगवलेले: 'सातवीपुढे वर्ग हवाच!'

"तो पुठ्ठा मिळणार नाही," मी म्हटलं. "ती घोषणा आहे."

"तेलात भिजली का फुगते," मिस्त्री म्हणाला, "अन् फुगली का बरोबर जागा धरते. बैलाच्या शिंगावर काय कामाची?"

मी दोन पुठ्ठे दिले. त्यानं एक काठावर अंथरला आणि हातोडीच्या गोल तोंडानं कडेकडेनं टिचक्या मारत गेला. काठाची धार पुठ्ठ्यात उमटत होती आणि पुठ्ठा आपल्याआप कापला जात होता, भोकांसकट. दुसरा त्यानं माझ्याकडून करून घेतला. माझ्या घोषणेतला 'हवाच' तेवढा अख्खा राहिला. बाकीचे शब्द चकत्या होऊन मातीत पडले.

चेंबर चढलं. बोल्ट हातानं लावले. मग त्यानं पाना दिला आणि म्हणाला, "शेपटीले नोको धरू. मुंडीपाशी धर, दोन बोटानं. आधी इकडला, मंग त्याच्या समोरचा. तीन फेरे."

दोन बोटांनी! माझ्या मुठी वळत होत्या. प्रत्येक बोल्टाशी मला आणखी थोडं, एवढंसं, असं होई आणि वरून आवाज येई, "पोरी, हा मोर्चा नोय." अण्णांचीही बोटं शिवशिवत होती. मिस्त्रीनं त्यांच्या एका हातात चहाची बशी दिली, दुसऱ्यात कप, आणि काम होईपर्यंत हात रिकामे होऊ दिले नाहीत.

निघताना तो म्हणाला, "जुनं तेल कुठं कुठं अडकलं असन, ते उद्या उतरन. भिऊ नोको. अन् पाना इथंच राहू द्या. वापसीत न्या."

अण्णांना वाटलं तो गंमत करतोय, पण पाना त्यानं दिलाच नाही. आमच्याकडे दुसरा पाना नाही, हे अकोल्यातच रात्र काढून निघाल्यावर, रविवारी सकाळी त्यांच्या लक्षात आलं. तेल्हाऱ्याच्या वाटेवर त्यांनी गाडी थांबवली, वाकून पाहिलं आणि खालून ओरडले, "एक थेंब! पाना दे!"

"पाना अकोल्यात आहे."

"ही बेकायदा जप्ती आहे!"

"तो थेंब जुना आहे. मिस्त्री म्हणाला होता."

"पुरावा?"

"पुढच्या मुक्कामाला."

मीही आतून घाबरले होते. पाना हाताशी असता तर मीच खाली गेले असते, दोन्ही मुठींनी. आम्ही दोघं गाडीत बसलो आणि पुढे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती आणि माझं सगळं लक्ष पायाखालच्या फळीकडे होतं.

गावात गाडी पारापाशी लावली. मी एक कोरं करकरीत पत्रक इंजिनाखाली अंथरलं, चार कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि सभेला उभी राहिले. बायका बऱ्याच आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. मी तापत गेले. सातवी झालेल्या मुलीला कापूस वेचायला अक्कल लागते, मग आठवीला का लागू नये, असं काहीसं बोलत होते. आणि लोक माझ्याकडे बघेनासे झाले. सगळ्यांचे डोळे गाडीकडे. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, धोतर, बूट.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुह्या डायवरले काई झालं का वं?"

"तो ड्रायव्हर नाही, माझा बाप आहे!" मी कर्ण्यातून म्हटलं. शेजारच्या गावापर्यंत ऐकू गेलं असेल.

हशा थांबायच्या आत अण्णा बाहेर आले. टोपीला माती, कोपराला माती, आणि हातात ते पत्रक. ते त्यांनी डोक्यावर धरून सगळ्या सभेला फिरवून दाखवलं, कोर्टात वस्तू दाखवतात तसं. "कोरडं!" ते म्हणाले. "तासभर झाला. ठणठणीत कोरडं!"

कशाबद्दल ते कुणाला कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कर्णा बाजूला ठेवून.

मग अण्णा पाराच्या कडेला बसले आणि ते पत्रक वाचू लागले. दोन वर्षं मी पत्रकं लिहीत होते आणि ते ती गाडीखाली परातीभोवती अंथरत होते. अक्षरं दिसण्याआधी तेल लागायचं. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि मला बोलावलं.

"तुझी तिसरी मागणी, आठवीच्या वर्गाची, पहिली घे," ते म्हणाले. "पहिली कुणीही मान्य करील. तिच्यावर दम कशाला घालवतेस? बाकी मजकूर बरा आहे." जरा थांबून म्हणाले, "चांगला आहे."

वर्ग त्या वर्षी सुरू झाला नाही. पुढच्या वर्षी झाला, एका गोदामात. मागणी तिसरीच पहिली घेतली होती. आणि त्या वर्षी त्या गावाला आम्ही सात वेळा गेलो, गाडीनंच.

त्या रविवारी परतताना अकोल्यात थांबलो. मिस्त्री कडुनिंबाखालीच होता. त्यानं वाकून चेंबरखाली बोट फिरवलं, बोट पुसायची गरज पडली नाही. आत गेला आणि आमचा पाना घेऊन आला.

अण्णांनी हात पुढे केला. मीही केला. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "तुमच्यापाशीच राहू दे."