जाऊ द्या

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या आंटी भर दुपारी आमच्या दारात आल्या आणि चपला काढायच्या आत म्हणाल्या, "तुमच्या गॅलरीची कम्प्लेंट मीच केलेली."

गॅलरीला आम्ही काचा लावल्या होत्या. कोणीतरी महापालिकेत निनावी पत्र टाकलं आणि त्या काढाव्या लागल्या. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी बोलत नव्हतो. ते लिफ्टमध्ये हसले की मी मोबाइल काढायचो.

आंटींनी चर्चमध्ये पापाची कबुली दिली होती. फादर म्हणाले, देवाने क्षमा केली, आता ज्यांचं नुकसान केलंत त्यांच्याकडेही जा. म्हणून त्या आल्या होत्या.

माझं डोकं सणकलं होतं, पण दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईला काय बोलणार?

"जाऊ द्या हो आंटी."

"जाऊ द्या नको. माफ केलं, असं बोला."

आंटी पक्क्या होत्या. 'जाऊ द्या' म्हणजे विषय बंद आणि राग कायम, हे सगळा जन्म बोरिवलीत काढून त्यांना कळलेलं. मी दोनदा घसा खाकरला आणि "माफ केलं" म्हणालो. त्या रडल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या.

मग मीही एक मजला चढलो. बेल वाजवून त्या गृहस्थांना सगळं सांगितलं. सहा वर्षं तुमच्यावर उगाच संशय घेतला, चुकलं माझं, म्हणालो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जाऊ द्या हो," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.