आईला वाचता येईल असं मशीन

माझ्या बायकोचा आवाज गेला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आधी शब्द जड झाले, मग एकमेकांना चिकटायला लागले, आणि वर्षाच्या आत नुसता हुंकार उरला. स्नायू चालवणाऱ्या नसा एकेक करून बंद पडताहेत आणि यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घशानंतर हात जातील, हेही सांगितलं. त्याप्रमाणे तिच्या हातून पेन सुटायला लागलं.

मी महाप्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो. कंपनीने एक जुना लॅपटॉप मोडीत काढला होता, तो मी रीतसर अर्ज करून घेतला. करडा रंग, वजन साडेतीन किलो, बॅटरी मेलेली, दोन एमबी मेमरी, चाळीस एमबीची डिस्क. पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटायची. बायको पलंगावर उशांना टेकून बसायची. तिच्या मांडीवर पाट आडवा ठेवून त्यावर मी लॅपटॉप ठेवायचो. डाव्या हाताचं मधलं बोट तेवढं तिचं ऐकत होतं. त्या बोटाने ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि मी वाचायचो. तिचं लिहिणं मी इथे आपल्या लिपीत देतो आहे.

आम्हाला मूलबाळ नाही. सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं आणि कोकणातून लेकीसाठी येऊन राहिलेल्या माझ्या सासूबाई. त्या चौथी शिकलेल्या. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या, तोही हलक्या आवाजात, शाळेत शिकवल्यासारखा. पण इंग्रजी अक्षर एकही येत नव्हतं.

"एवढं मोठं यंत्र, नि मराठी येत नाही?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"नाही येत, आई."

"मग कंपनीने टाकलं ते बरोबरच केलं."

बायको हसली. तेव्हा तिला हसता येत होतं.

त्यामुळे मायलेकींचं सगळं बोलणं माझ्यातून जायचं. ती लिहिणार, मी मोठ्याने वाचणार, सासूबाई उत्तर देणार. पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून बोट ठेवायचाही प्रयोग झाला. पण चौथ्या अक्षराला येईपर्यंत सासूबाई पहिलं विसरायच्या आणि चिडायच्या, लेकीवर नाही, स्वतःवर. मग पुठ्ठा कपाटावर गेला.

एका संध्याकाळी तिने 'आई, मला' एवढं लिहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसून टाकलं. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्यावर तिने लिहिलं, "मला आईशी बोलायचंय. तुम्ही मध्ये नको."

मी म्हणालो, "मी काय कोणाला सांगणार आहे?"

"तसं नाही. तुम्ही वाचलंत की ते ताळेबंदासारखं ऐकू येतं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी सावकाश, स्पष्ट वाचायचो आणि कशावरच जोर द्यायचो नाही. तिच्या वाक्यात आपल्या पदरचं काही पडू नये म्हणून. थोड्या वेळाने तिने आणखी लिहिलं, "बोट आहे तोवर करा."

वाशीला एका कॉम्प्लेक्समध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मालक तिशीचा, बोलण्यात पट्टीचा. त्याने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला.

"काका, हे मशीन नाय, डबा आहे. मराठीचं कार्ड मिळतं, पण ते डेस्कटॉपमधे बसतं. याला विंडोज टाकायला लागेल, वर मराठी फाँटचा प्रोग्राम. मेमरी चारच्या वर पायजे आणि डिस्क पण मोठी. याच्यात घालाल तेवढ्यात जुना डेस्कटॉप येईल."

"डेस्कटॉप मांडीवर राहत नाही," मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

त्याने लॅपटॉप सरळ करून हळूच खाली ठेवला. नंतर बराच वेळ माझ्याशी नीट बोलला, आणि मला त्याची आधीचीच टकळी बरी वाटायला लागली.

अडचण मेमरीची होती. या लॅपटॉपला त्याच मॉडेलचं खास कार्ड लागायचं आणि ते बनवणं लॅपटॉपवाल्या कंपनीने बंद केलं होतं. दुकानमालक ग्रँट रोडच्या बाजारात दोन खेपा करून आला. मी ऑफिसातून रोज फोन करायचो. इकडे घरी मी तिचं बोट पाहत होतो. पूर्वी ती एका दमात तीन ओळी लिहायची. आता एका ओळीनंतर हात पाटावर पडायचा आणि मी तो उचलून पुन्हा कीबोर्डवर ठेवायचो. माझा आयुष्यभराचा धंदा आकड्यांचा. दोन रेघा एकमेकींकडे सरकताना दिसल्या की त्या कुठे भेटतील ते आपोआप डोक्यात येतं. इथे मी ते येऊ देत नव्हतो.

शेवटी कार्ड मिळालं, ते दुसऱ्या एका बंद पडलेल्या लॅपटॉपातून. घरी येऊन मी सांगितलं तसं तिने लिहिलं, "त्याचं काय मोडलं होतं?"

"पडदा फुटला होता. बाकी सगळं चांगलं होतं."

"माझं उलट आहे," तिने लिहिलं. सासूबाईंना हे वाचून दाखवायचं की नाही ते मला कळेना. मी नाही दाखवलं.

सुट्टी काढून मी दुकानात समोर बसलो. स्क्रू दोन लांबींचे होते. जो जिथून निघाला तिथेच परत जावा म्हणून मी कागदावर मशीनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू तिच्यावर ठेवत गेलो. मालक हसला, पण त्याच कागदावरून त्याने सगळे परत लावले. मेमरी दोनाची सहा झाली. डिस्क एकशेवीसची बसवली, पण मशीन मोजून ऐंशीच दाखवायला लागलं.

"बाकीची चाळीस?"

"आहेत काका. पण याला म्हाईत नाय. जुनं मशीन आहे, त्याच्या यादीत एवढी मोठी डिस्कच नाय."

माऊसच्या जागी असलेला ट्रॅकबॉल तिला फिरवता येणार नव्हता. म्हणून मशीन सुरू केल्यावर थेट मराठीचं पान उघडेल अशी सोय त्याने करून दिली. अक्षर सासूबाईंच्या चष्म्याला झेपेल एवढं मोठं ठेवलं. पडद्यावर सातच ओळी मावत होत्या.

कीबोर्ड जुन्या मराठी टाइपरायटरसारखा ठेवला. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं बायको एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका होती. तिला काहीच शिकायला नको, असा माझा हिशेब. तो चुकला. कुठलं अक्षर कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं, ते तिच्या दहा बोटांना माहीत होतं, आणि त्यांतली नऊ आता नव्हती. ती डोळे मिटून घ्यायची. हे अक्षर कुठल्या बोटाचं, ते बोट कुठे जायचं, हे आठवायची आणि मग ते एकुलतं बोट तिथे न्यायची. कधीकधी पाटावर पडलेल्या उजव्या हाताची करंगळी किंचित हलल्यासारखी वाटायची. हलत नसावी.

तिचं पहिलं मराठी वाक्य माझ्यासाठी होतं. "आता तुम्ही फिरून या."

सासूबाई चष्मा पुसत खुर्ची पुढे ओढत होत्या. मी दार लोटून हॉलमध्ये बसलो. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की त्या आवाजाशिवाय वाचूच शकत नाहीत. "आ... ई... ते... व्हा..." असं दाराआडून स्वच्छ ऐकू यायला लागलं. मी उठलो, चपला घातल्या आणि खाली उतरलो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून स्टेशनाकडे, तिथून खाडीच्या बाजूला. तिकडे तेव्हा नवे रस्ते आखलेले होते, दिवे लागले होते, पण घरं नव्हती. रिकाम्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन मी परत आलो. पडदा कोरा होता. सासूबाईंचे डोळे लाल होते. चहा टाकताना त्या गालातल्या गालात हसत होत्या.

रोज संध्याकाळी तसंच. मी ऑफिसातून आलो की मशीन लावून द्यायचो, ती मला घालवायची, मी फिरून यायचो, पडदा कोरा. मधूनमधून मी डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते पाहायचो. ती पहिल्या दिवसाएवढीच असायची. काहीही साठवलेलं नव्हतं.

माझ्याशी बोलायला आता डोळे पुरत होते. हो असेल तर मिटायचे, नाही असेल तर भिंतीकडे पाहायचं. बोटात जे काही शिल्लक होतं ते तिने आईसाठी ठेवलं होतं. ते योग्य होतं. मला त्याचा त्रास झाला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. त्या रिकाम्या रस्त्यावर चालताना मी तिची जुनी वाक्यं मोठ्याने म्हणून पाहायचो, ताळेबंदासारखी न वाटतील अशी. जमायचं नाही.

हळूहळू मला पाठवण्याचं वाक्य लहान झालं. 'तुम्ही' गेलं, 'आता' गेलं. 'फिरून या' उरलं. मग नुसतं 'फि'. तेवढं उमटलं की मी चपला शोधायचो.

पावसाळा संपत आला होता. एका संध्याकाळी मी मशीन लावलं, तिचा हात उचलून ठेवला. ती डोळे मिटून थांबली. बराच वेळ थांबली. बोट कळीवर होतं, कळ खाली जात नव्हती. मग तिने डोळे उघडून दाराकडे पाहिलं. मी समजलो आणि चपलांकडे वळलो.

"कुठे निघालात?" सासूबाई म्हणाल्या.

"ती सांगतेय ना, फिरून या म्हणून."

"नको जाऊ." एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या. "बस इथे. आता तिला काही बोलायचं नाही."

त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. खुर्चीची बैठक अजून उबदार होती. तिथून पडदा समोरच दिसत होता, सातही ओळी मोकळ्या, पहिलीच्या सुरुवातीला लुकलुकणारी रेघ. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. हो म्हणाली की थकून मिटले, मला कळलं नाही. मशीन बंद करायला आम्ही कोणीच उठलो नाही.