पॉन्डरचे नऊ दिवस

हिमायतनगरच्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते आणि शिकवताना मला फार लवकर राग येतो. परवा बारावीला ‘पॉन्डर’ हा शब्द दिला. एखाद्या गोष्टीचा सावकाश, खोलवर विचार करणं. वाक्यात उपयोग करा म्हटलं, तर सगळ्या वह्यांत गाइडमधलं एकच वाक्य: द फिलॉसॉफर पॉन्डर्ड ओव्हर लाइफ. “हिमायतनगरात फिलॉसॉफर पाहिलाय का कुणी?” म्हणून ओरडले आणि वह्या परत दिल्या. स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि आठवलं. याच शब्दावर मीही एकदा उसनी वाक्यं करून आठवडाभर बापाला फसवायला बघितलं होतं.

बाबा निलंग्याला तहसीलमध्ये शिपाई होते. एकदा साहेब इंग्रजीत झापत होते आणि हे हसून ‘येस सर, येस सर’ करत राहिले. नंतर कुणीतरी अर्थ सांगितला. तेव्हापासून चाळिशीत त्यांनी इंग्रजी शिकायला घेतलं. रद्दीतली वर्तमानपत्रं, एक फाटकी डिक्शनरी आणि घरात एक कायदा: सकाळी एक शब्द, संध्याकाळी प्रत्येकाचं एक वाक्य. वाक्य आजचं पाहिजे, स्वतःचं पाहिजे आणि खरं पाहिजे. व्याकरण चुकलं तर चालायचं, खोटं खपायचं नाही. वाक्य पास झाल्याशिवाय नवा शब्द नाही. आईला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण ‘ब्लेम’च्या दिवशी तिनं भाकरी थापता थापता “आय ब्लेम युवर फादर” असं ठणकावलं, तर बाबा इतके खूश झाले की ते वाक्य खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं.

बारावीनंतर मला मेडिकलच्या परीक्षेसाठी लातूरला क्लास लावला. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले, म्हणून पुन्हा एक वर्ष. घरचा कायदा फोनवरून चालूच राहिला. मेसमध्ये ताट ठेवून आले की मी वाक्य सांगायची. खरं सांगायचं तर दिवसभरात मनापासून करायची अशी तेवढीच एक गोष्ट होती. मला डॉक्टर व्हायचं नाही, हे मला दिवाळीतच कळून चुकलं होतं. पण सांगायचं कोणत्या तोंडानं? रविवारी विहारात वंदना झाली की बाबा भेटेल त्याला सांगायचे, “पोरगी डॉक्टर होनार हाय.” आमच्या गल्लीत तोवर कुणीच डॉक्टर झालं नव्हतं.

अशात एका सकाळी ‘पॉन्डर’ आला.

“आय पॉन्डर ओव्हर फिजिक्स,” मी संध्याकाळी म्हटलं.

“फिजिक्सची गणितं सोडवतेत, त्याच्यावर पॉन्डर करत न्हाईत,” बाबा म्हणाले. “नापास. उद्या पुन्हा.”

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थी आपल्या भविष्यावर पॉन्डर करतात, असं काहीसं सांगितलं. “विद्यार्थी कोन? तुझं सांग की माय.” तिसऱ्या दिवशी मेसच्या वांग्यावर पॉन्डर केलं, चौथ्या दिवशी लातूरच्या पाण्याच्या टँकरवर. एकही पास होईना. एरवी एका संध्याकाळी सुटणारा शब्द पायात अडकून बसला. म्हातारा इंग्रजीपायी येडा झालाय, असं मला वाटायला लागलं. सातव्या दिवशी मी चिडून फोन ठेवला. आठव्या दिवशी उचललाच नाही.

नवव्या दिवशी दुपारी क्लास सुटला तर गेटवर बाबा उभे. अंगात ऑफिसचे पांढरे कपडे, हातात डबा. रजा टाकून एसटीनं आले होते. समोरच्या रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो आणि मी खाली मान घालून भाकरी खायला लागले.

“काय करायलीस तू पोरी?” ते म्हणाले. मग घसा साफ केला. “ऱ्हाऊ दे. आज माझं वाक्य ऐक. नाइन डेज आय पॉन्डर, व्हाय माय डॉटर इज अफ्रेड ऑफ मी.”

मी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्यांना काहीतरी कळलं होतं आणि नऊ दिवस ते मला बोलतं करायला बघत होते. मी आपली त्यांना टँकर दाखवत बसले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

“आय पॉन्डर हाऊ टू टेल यू,” मी म्हटलं. “आय डोन्ट वॉन्ट टू बी अ डॉक्टर.” मराठीत हे मला कधीच बोलता आलं नसतं.

बाबांनी डब्याला झाकण लावलं. चेहरा उतरला होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. मग म्हणाले, “पास.” आणि उठता उठता, “मंग काय शिकायचं हाय?”

“इंग्लिश.”

“मास्तरीन?”

“हाव.”

“चल. सामान बांध.”

संध्याकाळच्या निलंगा गाडीत त्यांच्या ऑफिसातले एक भाऊसाहेब भेटले. माझ्या बॅगा बघून लांबूनच म्हणाले, “काय मामा, डॉक्टरीनबाई सुट्टीवर का?”

‘हाव’ म्हणून बाबांना वेळ मारून नेता आली असती. मलाही तेच हवं होतं. पण ते भरल्या गाडीत दांडी धरून उभे राहिले.

“न्हाई भाऊसाहेब. डॉक्टर न्हाई होनार ती. इंग्लिश शिकून मास्तरीन होनार हाय.”

आवाज इतका मोठा होता की कंडक्टरनं तिकिटं थांबवून मागं पाहिलं. मग ते खाली बसले, चष्मा काढला आणि औसा येईपर्यंत पुसतच राहिले. मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.