लेकींच्या पायऱ्यांचा घाट

माझं माहेर गोदावरीच्या अल्याड आणि सासर पल्याड. दोन्ही गावं परभणी जिल्ह्यातलीच, मधे फक्त पाणी. चुलीवर वरण ठेवून नावेत बसले तर ते शिजायच्या आत मी मायच्या दारात, असं मी सासूला मुद्दाम चिडवायला सांगायची. तीही खमकी. म्हणायची, मग वरण खाली कोण उतरवणार?

आमच्याकडं एक रीत आहे. नदीपल्याड दिलेल्या लेकीसाठी बाप आपल्या काठाला दगडाची एक पायरी बसवतो. लेक माहेरी उतरली तर तिचा पाय चिखलात जाऊ नये, एवढाच हेतू. आमचा घाट कुण्या राजानं किंवा सरकारनं बांधला नाही, तो असा एकेका लग्नानं वाढत गेला. माझी पायरी खालून चौथी. वडिलांनी बांधावरचा काळा दगड वडाराकडून घडवून घेतला, बैलगाडीत घालून आणला आणि भर उन्हात उभं राहून बसवला. लग्नात मला काय काय दिलं ते आता आठवत नाही, पायरी तेवढी आठवते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माय दर दिवाळीला त्या दगडावर पाणी घालून हळदकुंकू वाहायची.

मग खाली बंधारा झाला आणि पाणी बारा महिने तुंबून राहायला लागलं. खालच्या दोन-तीन पायऱ्या हलल्या. एका सकाळी बघतो तर घाटाच्या तोंडाला लोखंडी फाटक, त्याला कुलूप आणि वर पाटी: धोकादायक, प्रवेश मनाई. नावाडीमामांनी नाव काठावर पालथी घातली. जन्मभर त्यांनी आम्हाला नेलं-आणलं, बदल्यात सुगीला पायलीभर ज्वारी घेतली आणि माहेरी निघालेल्या बाईला कधी ‘उद्या ये’ म्हटलं नाही. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे ते मला अजून कळलेलं नाही.

आता पुलावरून जायचं तर दोन गाड्या बदलायच्या आणि अर्धा दिवस घालवायचा. मायचे गुडघे गेलेले, जीपमध्ये तिला चढवतच नव्हतं. मी अंगणवाडी चालवते, उठसूट रजा कुठून आणू? दर आठवड्याला होणारी भेट दोन-दोन महिन्यांवर गेली. माय डोळे मिटेल आणि मी त्या वेळी फाट्यावर गाडीची वाट बघत उभी असेन, अशी भीती मनात जी बसली ती उठेना.

म्हणून आम्ही दोन्ही काठांच्या बायका उठलो. दर रविवारी माहेरच्या बायका अल्याडच्या फाटकाशी आणि आम्ही सासुरवाशिणी समोरच्या काठाला, भाकरी बांधून बसायचो. पाण्यावरून एकमेकींना हाका मारायचो, त्यात निम्म्या घोषणा आणि निम्मी सुनांची गाऱ्हाणी. दरखास्ती किती दिल्या ते विचारू नका. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. आमचे सहा महिने तीनदा झाले. शेवटी एक तरुण इंजिनीअर बाई पाहणीला आल्या. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून पुलावरून माहेरी गेले.

मॅडमनी टेप लावून मापं घेतली आणि साधा प्रश्न विचारला, हा घाट कुणाचा? इथं गप्प बसेल ती मी कसली. पुढं होऊन सांगितलं, ही चौथी पायरी माझी, माझ्या वडिलांनी बसवलेली. झालं. मग प्रत्येकाला चेव चढला. ही आमच्या थोरलीची, ती आमच्या आत्याची, तिच्यावर दुसऱ्यानं हक्क सांगायचा नाही. एका म्हाताऱ्यानं तर दोन पायऱ्यांवर हात ठेवला, त्याला दोन लेकी होत्या. मॅडम मुकाट्यानं लिहून घेत होत्या. आम्ही छाती फुगवून घरी गेलो.

महिन्याभरात पत्र आलं. पायऱ्या खाजगी मालकीच्या असल्याचं ग्रामस्थांनी स्वतः सांगितलं आहे, सबब घाट सार्वजनिक म्हणून दुरुस्त करता येत नाही. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि पहिला धोंडा माझा होता. नवरा दोन दिवस माझ्याकडं बघून नुसता हसत होता.

मॅडम मात्र भल्या निघाल्या. त्यांनी आपण होऊन फोन केला. प्रत्येक घरानं लिहून द्यावं, की ही पायरी आमची नाही, सगळ्यांची आहे. पुढचं त्या बघतील. एकाही घराचा कागद राहिला तर फाइल तिथंच अडणार होती. आठ दिवसांत सगळ्यांनी सह्या केल्या. राहिली फक्त माझी माय.

“तुज्या बानं लेकीला दिलेलं मी गावाला वाटू व्हय?” एवढं बोलून तिनं कागद ज्वारीच्या डब्याखाली सरकवला. मी समजावलं, चिडले, रडलेही. ती आपली शेंगा फोडत बसली. आपण ज्या हट्टी बाईच्या पोटी जन्मलो तिच्यापुढं आपला हट्ट काय टिकणार, असं म्हणत मी पुलावरून परत गेले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा कागद डब्यावर होता आणि त्यावर निळा अंगठा. मी काही विचारायच्या आत तीच बोलली.

“तुजा पाय चिखलात जाऊ नये म्हणून ठिवली व्हती त्येनं. फाटक लागल्यापसून तुजाच पाय लागंना तिला. मंग आपली म्हणून काय करू?”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. तिनं थोपटलं आणि वर, गुडघा दुखायलाय, ऊठ, असंही सांगितलं.

दुरुस्ती झाली, फाटक निघालं, आणि भाऊबीजेला नावाडीमामांनी नाव पाण्यात घातली. माझ्यासकट पाच सासुरवाशिणी होत्या आणि सहावी एक अनोळखी बाई, कडेवर तापलेलं लेकरू, माझ्या माहेरच्या गावातल्या दवाखान्यात निघालेली. घाटाच्या वर माय काठी टेकून उभी होती. हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा, माझ्यावरून ओवाळून टाकायला. मी सगळ्यांना पुढं जाऊ दिलं, मला चौथ्या पायरीवर जरा थांबायचं होतं.

वर बघते तर माय समोर येईल तिच्यावरून भाकर ओवाळत होती आणि तिच्या पायावर पाणी घालत होती. त्या अनोळखी बाईवरूनही ओवाळली, लेकराच्या डोळ्यांना पाणी लावलं. मी वर पोचेपर्यंत तांब्या रिकामा आणि भाकरीचा कणही उरलेला नाही.

“माय, ती आपल्या गावची न्हाई,” मी म्हणाले.

“पायरी लिहून दिली न्हवं का?” माय म्हणाली. “आता जी उतरंल ती लेक.”

रिकामाच तांब्या तिनं माझ्यावरून फिरवला. पाय धुवायला पाणी नव्हतं, पण माझ्या पायाला चिखलही लागला नव्हता.