आमच्या घरची विलायती जीप

माझा नवरा फॅक्टरीत इन्स्पेक्टर होता. पोलिसातला नव्हे, गाड्यांचा. जबलपूरला सैन्याच्या गाड्या बनतात. त्या लाइनवरून उतरल्या की यांच्यासमोर यायच्या आणि हे त्यांच्यातली खोट काढायचे. खिशात पिवळा खडू असायचा. चूक दिसली की तिथं खडूनं गोल काढायचा, आणि गाडी परत मागं. तिथली रीतच होती, ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही, पास करायला दुसरे डोळे पाहिजेत. ते दुसरे डोळे म्हणजे हे.

आता असा माणूस संध्याकाळी घरी येताना डोळे काय गेटवर जमा करून येणार? छे! सुतारानं नवीन दिवाण आणून ठेवला तर पैसे द्यायच्या आधी त्याच्या पायावर खडूचा गोल. पुरणपोळीवर खडू चालत नव्हता म्हणून बोटानं दाखवायचे, "इथं कड कच्ची राहिली." मी नागपूरकडची, नाकावर माशी बसू न देणारी. "रिजेक्ट करा मग, अन् झोपा उपाशी," असं तोंडावर म्हणायची. ते पोळी खायचे, वर आणखी एक मागायचे. आमचा सगळा संसार असाच झाला. शेजारच्या दीदी एकदा काळजीनं विचारायला आल्या, "आप लोग रोज़ लड़ते हैं क्या?" मी म्हटलं, लड़ते कहाँ हैं, बातें करते हैं.

मागच्या थंडीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन आमच्या महाराजपुरच्या गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले. जीभ जरा जड राहिली, पण बोलता येत होतं. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

आणि त्यांनी खोट काढायचं सोडलं. एकदा गडबडीत माझ्याकडून वरणात दोनदा मीठ पडलं. ते मुकाट्यानं जेवले. मग मी जेवायला बसले तर पहिलाच घास गिळवेना.

"अहो, सांगायचं नाही का?"

"राहू दे," ते म्हणाले.

सगळ्याला तेच. पंखा कुरकुरतो, राहू दे. शर्टाचं बटण भलत्याच काजात गेलंय, राहू दे. एवढी वर्षं मी ज्या गोष्टीला कावले होते तीच बंद झाल्यावर मला घर खायला उठलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. झटक्याच्या रात्रीही वाटली नव्हती इतकी.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाली एक मुलगी यायची. गोड पोरगी, पण स्पष्ट बोलायची. वाटीत काबुली चणे घेऊन ती यांना एकेक उचलायला सांगायची. हे चण्यांकडे बघत बसायचे. शेवटी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आंटी, हाथ में जान है. अंकल चलाते ही नहीं. यही महीने काम के हैं, बाद में जकड़ गया तो फिर मैं कुछ नहीं कर पाऊँगी." मी मान डोलावली. ती गेल्यावर चण्यांची भाजी केली. ती बिघडली होती, तरी यांनी खाल्ली.

उन्हाळा लागायच्या आधी मी कूलरचा पंप काढायला लॉफ्टवर चढले. पंपाच्या मागं तो डबा सापडला. पुठ्ठ्याचा, कोपरे झिजलेला, झाकणावर चिखलातून उसळणारी लष्करी जीप. माझे दीर तरुणपणी जहाजावर नोकरीला होते, त्यांनी विलायतेहून आणलेला. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, ते जोडून छोटी जीप बनवायची. तेव्हा हे म्हणाले होते, दिवसभर तेच करतो, घरी पण जीप? रिटायर झाल्यावर निवांत करीन. रिटायर झाले, मग घराचं काम निघालं, मग लेकीचं लग्न, अन् डबा तिथंच.

मी तो पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवला. "करता का?"

"राहू दे."

"बरं. मग मी करते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही. पण मला एक ठाऊक होतं. डोळ्यांदेखत कुणी चुकीचं काम करत असेल तर या माणसाला ते बघवत नाही. मुद्दाम चुका करायचीही मला गरज नव्हती, त्या आपोआपच होणार होत्या. जिला मिक्सरचं भांडं धड बसवता येत नाही ती जीप बनवणार!

भाग सगळे एका चौकटीला लटकलेले, डहाळीवरच्या कैऱ्यांसारखे, प्रत्येकाला बारीक नंबर. मी नेलकटर घेतलं आणि कटकट करत सगळेच एकदम तोडून टाकले. तोडल्यावर कळलं की नंबर चौकटीवर होते, भागांवर नव्हते. आता कोणता भाग कुठला, हे देवालाच माहीत. हे बाजूच्या खुर्चीत बसून बघत होते. तोंड उघडलं, मला वाटलं आता काहीतरी बोलतील. जांभई होती.

डब्यातल्या गोंदाची ट्यूब दगड झालेली. ऑटो करून सदर बाजारात गेले, स्टेशनरीच्या दुकानातून झटकन चिकटणारा गोंद आणला. दुकानदार म्हणाला, "माताजी, उँगली बचाके." बचाके काय! पहिल्याच दिवशी माझी दोन बोटं जीपच्या बॉनेटला चिकटली. मी गरम पाण्यात हात बुडवून बसले, जीप पण माझ्याबरोबर आंघोळ करून राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांचा चेहरा तसाच. मला रडूच आलं, बोटांपायी नाही, त्या चेहऱ्यापायी. एरवी हा माणूस हसून हसून खोकला असता.

तरी मी सोडलं नाही. मी पण हट्टाची. रोज दुपारी भांडी झाली की चष्मा लावून बसायची. चित्रांचा कागद होता, पण तो पिवळा पडून घड्यांवर फाटलेला, त्यात माझी अक्कल वेगळी. सांगाडा झाला, सीटा झाल्या. मग आला डॅशबोर्ड. स्टिअरिंग शर्टाच्या बटणाएवढं, आणि त्याच्यासाठी भोक होतं डावीकडं.

मी मनात म्हटलं, चुकलं डबा बनवणाऱ्यांचं. माझं आयुष्य गेलं जबलपुरात. फॅक्टरीतून ट्रायलला निघालेल्या गाड्या रस्त्यावर रोज पाहिल्या. ड्रायव्हर उजवीकडंच बसतो, मला कुणी शिकवायला नको. मी सुई गॅसवर लाल केली, उजवीकडं नवीन भोक पाडलं, स्टिअरिंग चिकटवलं आणि डावीकडचं जुनं भोक मेणानं बुजवून टाकलं. छान दिसत होतं. मी स्वतःशीच म्हटलं, वा!

"लेफ्ट हँड," खुर्चीतून आवाज आला.

मी दचकले. "काय?"

"गाडी लेफ्ट हँड आहे. अमेरिकन."

"असंल अमेरिकेत. आपल्याकडं ड्रायव्हर इकडंच बसतो."

"पेडल डावीकडं आहेत." जीभ जड, पण शब्द एकेक ठणठणीत. "ड्रायव्हर पाय कुठं ठेवील? तुझ्या डोक्यावर?"

बाप्पा! काय सांगू मला काय झालं. कित्येक महिन्यांनी माझ्या नवऱ्यानं मला टोमणा मारला होता. मला जागच्या जागी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण असं काही केलं असतं तर ते परत गप्प झाले असते, म्हणून मी फणकारले. "एवढं कळतं तर बसा ना इथं येऊन! तिथून हुकूम काहून सोडून राहिले?"

ते उठले. काठी टेकत टेबलाशी आले, माझ्या समोरच्या खुर्चीत बसले आणि जीप डाव्या हातात धरून डोळ्यांजवळ नेली. चारी बाजूंनी फिरवली. मग खाली ठेवली.

"रिजेक्ट," म्हणाले. "पूर्ण गाडी."

त्या दिवशीपासून आमची फॅक्टरी सुरू झाली. मी जोडलेलं निम्मं त्यांनी उखडायला लावलं. कोणता भाग कुठला, हे त्यांनी कागद न बघता टेबलावर ओळीनं मांडून दाखवलं. मी जोडायची, ते बघायचे. कधी पास, बहुतेक वेळा रिजेक्ट. "पुरी दाबली की फुगते, जीप मोडते." "गोंद आहे का श्रीखंड?" मी पण ऐकवायची, की जित्याची खोड काही जात नाही. दुपारचा चहा टेबलावर थंड व्हायचा. रंग तर त्यांनी तीनदा बदलायला लावला. हिरव्यात थोडा काळा, थोडा पिवळा. मला सगळे हिरवे सारखेच, पण तो लष्करी हिरवा यांच्या डोळ्यांत बसलेला, त्याच्या जरा इकडं तिकडं झालं की मान हलायची.

सगळं करत होते, पण डाव्या हातानं. उजवा मांडीवर. फिजिओवाली पोरगी जीप बघून खूश झाली, मग त्यांचा हात बघून माझ्याकडं नुसतं पाहिलं. तिला काय म्हणायचं ते मला समजलं. दिवस चालले होते.

म्हणून चाकांची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "हे पुढचं उजवं चाक तुम्ही लावा. उजव्या हातानं. मी नाही लावणार."

"राहू दे."

"मग तीन चाकांची राहील. रिक्षा म्हणून दाखवू लोकांना."

त्यांनी काठी बाजूला टेकवून ठेवली. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. बोटांत चाक मी दिलं. ते पडलं. परत दिलं, परत पडलं, टेबलाखाली गेलं, मी वाकून काढलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला हात धरून मदत करावीशी वाटत होती, पण मी माझे हात मांडीखाली दाबून ठेवले. शेवटी कसंबसं चाक दांड्यावर गेलं आणि बसलं.  मी आत जाऊन देवाजवळ साखर ठेवली.

जीप पूर्ण झाली तो मंगळवार होता. बॉनेटवरचा पांढरा कागदी तारा सुद्धा पाण्यात भिजवून मी न फाडता चिकटवला. टेबल पुसून तिला मधोमध ठेवली. काय दिसत होती!

त्यांनी हनुवटी टेबलाला टेकवली आणि एक डोळा मिटून पाहिलं. मग बोटानं जीपचा कोपरा दाबला. जीप डुलली. परत दाबला, परत डुलली. तीन चाकं टेबलावर आणि एक अधांतरी. पुढचं उजवं. त्यांनी लावलेलं.

"टेबल वाकडं आहे," मी घाईनं म्हटलं.

त्यांनी जीप उचलून खिडकीच्या सपाट कडप्प्यावर ठेवली. तिथंही डुलली.

"एवढं कोण बघतं?" मी म्हटलं. "शोकेसमध्ये ठेवायची. मी दुसरे डोळे आहे ना? मी पास केली. चलो, झालं."

 तो आजारातला चेहरा परत यायला लागलेला मला दिसला, खांदे खाली गेले. आता म्हणतील राहू दे. एकदा म्हणाले की मग चणेही गेले, जीपही गेली, आणि हा माणूस खुर्चीत जाऊन बसेल तो उठायचा नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. नका म्हणू. एवढं नका म्हणू हो.

कट्ट, असा आवाज झाला.

त्यांनी चाक उपटून काढलं होतं! माझा तोलच गेला. "अहो! काय केलं हे! घाम गाळून लावलं होतं ना तुम्ही, अन् तुम्हीच मोडता? डोकंबिकं ठिकाणावर आहे का?" मी काय काय बोलत सुटले. शेजारी ऐकू गेलं असणार. ते माझ्यासमोर चाक धरून दाखवत होते, भोकाच्या काठावर साचलेला गोंदाचा गोळा. चाक तिरकं बसायचं कारण तेच.

मग मला दिसलं. जीप त्यांच्या डाव्या हातात होती. चाक उजव्या हाताच्या चिमटीत होतं, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घट्ट, आणि ते पडत नव्हतं.

मी पदर डोळ्यांना लावला तरी पाणी थांबेना.

"अगं, काहून रडून राहिली?" ते वैतागून म्हणाले. "पॉलिश पेपर आण."